ॲलर्जी असेल तर: घरात, रानात आणि प्रवासात संपर्क कमी कसा करावा

ॲलर्जीवरचे बहुतेक सल्ले मुबलक पाण्याच्या आणि बंद खिडक्यांच्या घरांसाठी लिहिलेले असतात. ‘अंथरूण-पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा’ हे २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला सांगणं म्हणजे थट्टाच. मराठवाड्यात आजही कित्येक ठिकाणी नळाला आठवड्यानं पाणी येतं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. खिडकीत कूलर बसवलेला असतो आणि रान घरापासून हाकेच्या अंतरावर असतं. अशा घरात सगळ्याच गोष्टींच्या मागे लागलं तर महिनाभरात माणूस थकतो आणि सगळंच सोडून देतो. म्हणून पाणी, पैसा आणि मेहनत आधी झोपायच्या जागेवर खर्च करावी, मग हंगाम बघून रानाकडे वळावं. मे महिन्यातलं ऊन मात्र आपल्या बाजूचं आहे, ते पुरेपूर वापरून घ्यावं.

आधी कशाची ॲलर्जी आहे ते ठरवा

सकाळी उठल्या उठल्या ओळीनं शिंका, नाक चोंदलेलं आणि घराबाहेर पडल्यावर तासाभरात आराम, असं होत असेल तर बहुधा अंथरुणातले धूळकोळी. डिसेंबर-जानेवारीत रानात गेल्यावर डोळे लाल होऊन पाणी येत असेल तर ज्वारीचे आणि गवताचे परागकण. पापण्या, मान, कोपराची आतली बाजू अशा ठिकाणी खाज येऊन कातडी जाड आणि काळपट होत चालली असेल तर काँग्रेस गवताचा संशय घ्यावा. पावसाळ्यात ओल आलेल्या एका विशिष्ट खोलीतच खोकला येत असेल तर बुरशी.

फोडणीचा ठसका, उदबत्ती, डासांची कॉइल, नव्या रंगाचा वास यांचा त्रास खराच असतो, पण ती ॲलर्जी नव्हे. ही द्रव्यं श्वासनलिकेला नुसती चुरचुरवतात आणि चाचणीत दिसत नाहीत. दमेकऱ्याला मात्र त्यांनीही धाप लागते. यावर औषध एकच: धूर नको, आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन.

चार आठवडे एका वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: त्रास किती वाजता झाला, तेव्हा कुठे होता, त्याआधी तासाभरात काय केलं. ही वही घेऊन डॉक्टरकडे गेलं की चाचणी नेमकी करता येते. हातावर थेंब टाकून सुईनं हलकं टोचण्याच्या चाचणीचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत कळतो. त्याआधी सेटिरिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा ‘नाही’ येतो. रक्ताचं शंभर-दोनशे पदार्थांचं पॅनेल करून आणणारे बरेच असतात. त्यात वांगं, हरभरा, केळी असं काहीबाही ‘पॉझिटिव्ह’ येतं आणि माणूस निम्मं जेवण सोडून बसतो. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतच नसेल तर त्या कागदाला फारसा अर्थ नाही.

अंथरूण

धूळकोळी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान जीव. ते माणसाला चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. त्यांना पाणी प्यावं लागत नाही, ते हवेतला ओलावा शोषून घेतात. म्हणून हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ते वाळून मरतात. मराठवाड्यातला मार्च ते मे हा काळ त्यांना जड जातो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ते पुन्हा वाढतात आणि पावसाळा सरता सरता सर्वांत जास्त होतात. खरा त्रास त्यांच्या विष्ठेचा. कोळी मेले तरी विष्ठा गादीत तशीच राहते. म्हणून काम दुहेरी आहे: त्यांना मारायचं आणि मागे उरलेलं काढून टाकायचं.

पाणी कमी असेल तर क्रम असा ठेवावा. उशीची खोळ दर आठवड्याला, कारण नाक रात्रभर तिच्यावर असतं आणि ती अर्ध्या बादलीत धुतली जाते. चादर दोन आठवड्यांनी. पांघरुणाची खोळ महिन्यानं. कोळी मरायला पाणी ५५ ते ६० अंश लागतं. एक बादली उकळतं आणि एक बादली साधं पाणी मिसळलं की ते साधारण ६० अंशांवर येतं. त्यात कपडे काठीनं दाबून बुडवावेत, वर झाकण ठेवावं आणि वीस मिनिटांनी साबण लावावा. रक्ताचे किंवा भाजीचे डाग आधी गार पाण्यात काढावेत, गरम पाण्यात ते पक्के बसतात. गच्चीवर सोलर असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारचं पाणी इतकं तापलेलं असतंच. गरम पाणी जमलंच नाही तर गार पाण्यात धुतलं तरी विष्ठेचा बराचसा भाग निघून जातो. कोळी जिवंत राहतात, म्हणून नंतर कडक उन्हात वाळवणं चुकवू नये.

वाकळ ही खरी अडचण. जुन्या लुगड्यांचे सहा-सात थर, आत वर्षानुवर्षांची धूळ, आणि धुवायची तर दोन माणसं आणि हौदभर पाणी. रोज धुणं शक्य नाही, टाकून देणं जिवावर येतं. त्यावर तोडगा म्हणजे दाट विणीच्या सुती कापडाची, तीन बाजूंनी शिवलेली आणि चौथ्या बाजूला चेन असलेली खोळ शिवून घ्यावी. वाकळ आत राहते आणि धुवायची फक्त खोळ. गादी आणि उशीसाठी ‘डस्ट माइट प्रूफ’ म्हणून मिळणारी चेनची कव्हरं आणखी चांगली. चेनच्या टोकाशी फट राहते, तिथे आतून रुंद चिकटपट्टी लावावी. रेक्झिनचं कव्हर स्वस्त पडतं आणि कामही करतं, फक्त घाम येतो, म्हणून वर दोन चादरी टाकाव्यात.

कापसाची गादी मे महिन्यात उन्हाला लावायची रीत घरोघरी आहेच, त्यात थोडी सुधारणा करावी. गच्चीवर ताडपत्री अंथरून गादी काळ्या पॉलिथिनमध्ये पूर्ण गुंडाळावी आणि सकाळी ११ ते दुपारी ४ ठेवावी. दीडच्या सुमारास उलटावी. नुसतं उघडं ऊन वरच्या थरापर्यंतच पोचतं. कोळी आतल्या गार कापसात सरकतात आणि संध्याकाळी परत वर येतात. काळ्या प्लॅस्टिकनं गादी आतपर्यंत तापते. असं लागोपाठ तीन दिवस करावं. चौथ्या दिवशी प्लॅस्टिक काढून गादी काठीनं झोडपावी. हे काम ॲलर्जी नसलेल्यानं, तोंडाला मास्क लावून आणि वाऱ्याकडे पाठ करून करावं. दिवस मावळायच्या आत गादी घरात आणावी.

गादी पिंजून घ्यायची असेल तर पिंजाऱ्याचं यंत्र ओसरीत नको, अंगणाच्या पार कडेला लावावं. त्या दिवशी दम्याचं माणूस आणि लहान पोरं दुसऱ्याच्या घरी धाडावीत. जुन्या कापसातून उडणारी धूळ ही वर्षभरातली सर्वांत वाईट धूळ असते.

दिवाणाच्या पेटीत कोंबलेल्या जादा गोधड्या पाहुणे येईपर्यंत विसरल्या जातात. त्या वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवाव्यात. पोरांची कापडी खेळणी पिशवीत घालून दोन दिवस फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली की कोळी मरतात, मग झटकून धुवावीत.

झाडलोट आणि दसरा काढणं

कोरड्या फड्यानं झाडलं की बसलेली धूळ उडते आणि मोठे कण खाली बसायलाच अर्धा तास लागतो. बारीक कण त्याहून जास्त वेळ तरंगतात. त्यामुळे झाडून लगेच मुलाला तिथे अभ्यासाला बसवणं म्हणजे त्याच्या नाकाशी धूळ नेऊन देणं. फरशी असेल तर झाडण्याऐवजी ओलं पुसावं, एका खोलीला तांब्याभर पाणी पुरतं. मातीची जमीन असेल तर आधी हातानं पाणी शिंपडावं, दोन मिनिटं मुरू द्यावं आणि मग झाडावं. पंख्याची पाती कोरड्या फडक्यानं पुसू नयेत. जुन्या उशीची खोळ पात्यावर चढवून ओढून घ्यावी, धूळ आतच राहते.

माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत असलेल्या घरात वरून माती झडत राहते. खणांखाली घट्ट विणीचं कापड ताणून बांधावं, निदान झोपायच्या जागेवर तरी. ते वर्षातून दोनदा उतरवून बाहेर धुवावं. उतरवताना चारी कोपरे आत घेत गाठोडं करावं, झटकू नये.

नवरात्राआधी घरोघरी दसरा काढतात, म्हणजे घर खालपासून वरपर्यंत धुऊन-पुसून घेतात. वेळ अगदी बरोबर आहे, कारण पावसाळ्यानंतर घरात ॲलर्जीची द्रव्यं सर्वांत जास्त साठलेली असतात आणि ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. पण नेमक्या त्याच दोन-तीन दिवसांत दम्याचे झटकेही येतात. माळ्यावरची पोती, जुनी कागदपत्रं, कणगीमागचा कचरा काढताना घरातल्या ॲलर्जीच्या माणसाला रानात किंवा नातेवाइकांकडे पाठवावं आणि काम झाल्यावर निदान दोन-तीन तासांनी परत बोलवावं. तोच माणूस काम करणार असेल तर एन-९५ मास्क लावावा. साध्या रुमालानं मोठी धूळ अडते, बारीक नाही. आणि वरून खाली यावं: आढं, मग भिंती, मग कपाटं, शेवटी जमीन.

कूलर

उन्हाळ्यात धूळकोळी मरण्याची जी संधी निसर्ग देतो ती कूलर हिरावून घेऊ शकतो. खिडकी बंद करून खोलीच्या आत कूलर चालवला की दोन तासांत हवा दमट होते, अंग चिकट होतं, आणि कोळ्यांना पावसाळा आल्यासारखं वाटतं. कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरची खिडकी किंवा दार तरी उघडं हवं. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते पलंगाजवळ ठेवलं की अंदाज येतो.

गेल्या वर्षीचं गवत वापरू नये. ते काढताना आधी पाणी मारून भिजवावं, कारण कोरड्या गवतावरची बुरशी हात लागताच उडते. टाकी घासून घ्यावी. बोअरच्या जड पाण्यानं पांढरा थर चढला असेल तर दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून पंप तासभर फिरवावा, ते पाणी फेकून साध्या पाण्यानं धुवावं. मग हंगामभर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसावी. रोज वरून पाणी भरत राहणं आणि तळाचं तसंच ठेवणं यातूनच वास आणि बुरशी सुरू होते, शिवाय डेंग्यूचे डास होतात ते वेगळेच. सकाळी कूलर बंद करायच्या अर्धा तास आधी पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, गवत वाळतं. वावटळ उठली की कूलर लगेच बंद करावा. तो बाहेरची सगळी धूळ ओढून आत फेकतो.

एसी असेल तर जाळी पंधरा दिवसांनी धुवावी, एवढंच. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राबद्दल विचारणा फार होते. दहा बाय बाराच्या बंद खोलीला ताशी १५० ते १७० घनमीटर हवा गाळणारं, हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण अडवणाऱ्या जाळीचं) यंत्र चालतं. पण खिडकीत कूलर असेल तर ते पैसे वाया. त्याऐवजी गादीचं कव्हर घ्यावं.

ओल आणि झुरळं

गळतं स्लॅब दुरुस्त केल्याशिवाय बुरशी घासून काही होत नाही, आणि तिच्यावर रंग मारला तर ती पुढच्या पावसाळ्यात रंगासकट बाहेर येते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं, म्हणजे मागे हवा खेळते. फरशी-टाइल्सवरची बुरशी आधी साबणाच्या पाण्यानं आणि मग एका भागाला दहा भाग पाणी घातलेल्या ब्लीचनं पुसावी. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू तयार होतो. पावसाळ्यात ओले कपडे झोपायच्या खोलीत दोरीवर टाकू नयेत.

झुरळांची विष्ठा आणि मेलेल्या झुरळांचा भुगा हे दम्याचं मोठं कारण आहे. फवारा मारण्यापेक्षा जेल लावावं: मोरीच्या कडेला, फ्रीजमागे, गॅसच्या ओट्याखाली, तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके. त्याच जागी पुन्हा फवारा मारला तर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. झुरळं संपल्यावर ती जागा साबणानं धुवायलाच हवी.

घरात साठवलेला कापूस

भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच थप्पी लावून ठेवला जातो, आणि महिन्याभरात घरातल्या सगळ्यांना खाज सुटते. दंडावर, पोटावर, मानेवर बारीक लाल पुरळ येतो आणि रात्री जास्त खाजतं. कापसाचे तंतू, वाळलेल्या पानाचा चुरा आणि त्यात वाढणारे सूक्ष्म कोळी ही त्याची कारणं. सगळ्या घराला एकदम खाज सुटली की खरजेचं मलम आणलं जातं; खरूजही तशीच पसरते हे खरं, पण कापूस उशाशी असेल तर आधी तो हलवून बघावा.

साठवायचाच असेल तर झोपायच्या खोलीत नको. पत्र्याचं शेड किंवा वेगळी खोली बघावी. दुसरी जागाच नसेल तर जमिनीपासून आढ्यापर्यंत ताडपत्रीचा आडपडदा लावावा आणि कडा विटांनी दाबाव्यात. थप्पीवर झोपू नये, पोरांना तिच्यावर उड्या मारू देऊ नयेत. साठवण्याआधी वाळवावा, सीसीआय (सरकारी कापूस खरेदी महामंडळ) ८ ते १२ टक्के ओलाव्याचाच कापूस घेते, त्यामुळे वाळवण्याचा तोटा काहीच नाही. हाताळल्यावर अंघोळ करून कपडे बदलावेत. कापसावर किंवा धान्याच्या पोत्यात कीटकनाशक पावडर टाकून त्याच खोलीत झोपणं जीवघेणं आहे. धान्यातल्या सेल्फॉसच्या गोळीतून निघणारा वायू घरची माणसं झोपेत मारतो.

रानात आणि बांधावर

काँग्रेस गवत म्हणजेच गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंद झालेलं हे तण आता प्रत्येक पडीक जागेत आहे. त्याच्या परागानं शिंका येतात आणि पानाफुलांच्या केसाळ भुग्यानं कातडीला ॲलर्जी होते. कातडीची ॲलर्जी एकदा जडली की गवताला हात न लावताही, नुसत्या वाऱ्यावरच्या कणांनी चेहरा-मान सुजते. याच कुळातली शेवंती, सूर्यफूल, करडई काहींना त्रास देतात. दसरा-दिवाळीत हार ओवताना हाताला खाज येत असेल तर ते यामुळे असू शकतं.

उपटण्याची वेळ एकच: पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असताना आणि फुलं यायच्या आधी. एक झाड हजारो बिया टाकतं, त्यामुळे फुलल्यावर उपटणं म्हणजे बी आणि पराग दोन्ही पसरवणं. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यात खोचलेली, मास्क आणि चष्मा असा वेष हवा. सुती हातमोजे घामानं भिजतात आणि रस आत झिरपतो. ॲलर्जी असलेल्यानं हे काम करूच नये, कितीही बंदोबस्त केला तरी. उपटलेलं न फुललेलं गवत खड्ड्यात कुजवावं, पेटवू नये. त्या दिवशीचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवावेत. मोठ्या पडीक जागेसाठी मेक्सिकन भुंगा आहे. तो मुख्यतः हेच गवत खाऊन जगतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जुलै-ऑगस्टमध्ये त्याची चौकशी करावी. भुंगे सोडलेल्या जागी तणनाशक मारू नये. मे महिन्यात तिथे तरोट्याचं बी फेकलं तर तो गाजर गवताला उठू देत नाही.

रब्बी ज्वारी निसवून फुलोऱ्यात आली की पहाटेपासून सकाळपर्यंत पराग सुटतात. ज्यांना याचा त्रास आहे त्यांनी पाणी धरायचं काम शक्य तर दुपारनंतर करावं आणि घराच्या रानाकडच्या खिडक्या दहा वाजेपर्यंत लावून ठेवाव्यात. हरळी, वेडी बाभूळ, वावळ यांचेही पराग त्रासदायक आहेत. वावळ पानगळ झाल्यावर फुलतो, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये शिंका वाढल्या तर रस्त्याकडेच्या त्या निष्पर्ण झाडांकडे बघावं.

मळणीच्या वेळी जागा हीच सगळ्यात महत्त्वाची. भुसा जिकडे उडतो त्याच्या उलट बाजूला, वारा पाठीवर घेऊन उभं राहावं. वारा फिरला की जागा बदलावी. पोती धरायचं काम, म्हणजे यंत्राच्या अगदी तोंडाशी, ॲलर्जीच्या माणसाला देऊ नये. सोयाबीनची धूळ साधी समजू नये. बार्सिलोनाच्या बंदरात सोयाबीन उतरवताना उडालेल्या टरफलांच्या धुळीनं १९८१ ते १९८७ या काळात शहरात दम्याच्या साथी आल्या होत्या. साठवण-कोठ्यांना फिल्टर बसवल्यावर त्या थांबल्या. मोंढ्यात (धान्यबाजारात) किंवा तेल गिरणीत काम करणाऱ्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छातीत घरघर होत असेल तर डॉक्टरला कामाची जागा सांगावी. कडबाकुट्टी करताना कडब्यावर आधी पाणी शिंपडावं, निम्मी धूळ तिथेच बसते.

रानातून आल्यावर कपडे ओसरीवरच काढावेत, हातपाय-तोंड धुवावं, आणि पाणी असेल तर झोपण्याआधी केसही. नाक धुवायचं असेल तर एक लिटर पाणी पाच मिनिटं उकळून कोमट होऊ द्यावं, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे, आणि चिमूटभर खायचा सोडा घालावा. एका नाकपुडीतून सोडून दुसरीतून काढावं, तोंडानं श्वास घ्यावा. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं. टँकरचं, बोअरचं किंवा नळाचं पाणी न उकळता नाकात कधीही घालू नये. त्यातल्या एका अमिबानं मेंदूचा प्राणघातक आजार होतो.

खाण्यातली ॲलर्जी

मराठवाड्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सांभाळणं अवघड, कारण कूट दिसत नाही. वांग्याच्या भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्यात, ठेच्यात तो असतोच. हुरड्याबरोबर येणाऱ्या चटण्यांत शेंगदाणे, तीळ, कारळं. वेळ अमावस्येच्या सणाला रानात खातात त्या भज्जीत (मिश्र भाजीत) शेंगदाणे, वाटाणा, तुरीचे दाणे, हरभरा आणि बेसन सगळं एकत्र. लग्नातल्या येसराच्या आमटीत भाजलेल्या धान्य-डाळींचं पीठ. म्हणून ‘शेंगदाणे आहेत का?’ असं विचारून भागत नाही, वाढपी ‘नाही’ म्हणतो कारण त्याला अख्खे दाणे आठवतात. तीन प्रश्न विचारावेत: कूट घातलाय का, तेल कुठलं, आणि ही पळी आधी कशात होती. पंगतीत असं विचारणं जड जातं, म्हणून आचाऱ्याला आदल्या दिवशी गाठावं किंवा डबा न्यावा. पाकीटबंद मालावर दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन, गव्हासारखी ग्लूटेनची धान्यं, मासे वगैरे असल्यास ते वेगळं छापणं २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. सुट्या फरसाणाला तो आधार नाही.

प्रवास

स्लीपर ट्रॅव्हल्समधलं ब्लँकेट कधी धुतलं होतं ते कोणी सांगू शकत नाही. स्वतःची चादर आणि उशीची खोळ न्यावी. पुण्या-मुंबईच्या एका रात्रीच्या प्रवासात एवढ्यानंच बराच फरक पडतो. रेल्वेच्या एसी डब्यात चादर धुतलेली मिळते, पण ब्लँकेट प्रत्येक फेरीला धुतलं जात नाही, म्हणून ते आपल्या चादरीवर घ्यावं आणि तोंडाजवळ आणू नये. एसटीत शेवटच्या रांगेपासून दूर, पुढच्या अर्ध्यात बसावं, मागे धूळ जास्त येते.

कार उन्हात उभी असेल तर आधी सगळ्या काचा उघडून दोन मिनिटं चालवावी, मग काचा लावून हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबावं. उसाच्या ट्रॉलीमागे, खडी केंद्राजवळ, मळणी चालू असलेल्या शेताजवळून जाताना ते चालूच असावं. एरवी तासाभरानं थोडा वेळ बाहेरची हवा घ्यावी, नाहीतर चालकाला पेंग येते. एसीचा केबिन फिल्टर दहा हजार किलोमीटरला बदलावा, कच्च्या रस्त्यांवर त्याआधीच. दुचाकीवर पूर्ण तोंड झाकणारं, काचेचं हेल्मेट आणि आत मास्क. शिंकांसाठी एव्हिलसारखी झोप आणणारी गोळी घेऊन गाडी चालवू नये.

अजिंठा, वेरूळ, दौलताबादसारख्या कड्याकपारीच्या जागी आग्या मोहळं असतात. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर तिथे अत्तर लावून जाऊ नये, मोहळाखाली थांबू नये, धूर तर मुळीच करू नये. डंख लागला तर काटा नखानं लगेच खरवडून काढावा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे.

औषधं हाताशी असलेल्या पिशवीत हवीत, डिकीत किंवा सामानात नको. इनहेलर ३० अंशांच्या आत ठेवायचा असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर तो ठेवला तर डबी फुटण्याचा धोका असतो आणि मात्राही बिघडते. नाकातला स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरनं लिहून दिला असेल तर हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरू करावा, पहिल्या दिवशी त्याचा गुण दिसत नाही. नाक पटकन मोकळं करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपुढे नकोत, त्यांचीच सवय लागून नाक आणखी चोंदतं.

काही खाल्ल्यावर किंवा डंखानंतर अंगभर गांधी उठून त्याबरोबर आवाज घोगरा होणं, श्वास लागणं, उलट्या, चक्कर यांपैकी काहीही झालं तर ती साधी पित्ताची गांधी समजून आमसूल चोळत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठेपर्यंत माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवावेत; श्वास लागत असेल तर बसू द्यावं, पण चालवू नये. औषध एकच, मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, आणि ‘ॲलर्जीची रिॲक्शन आहे’ हे दारातच सांगावं म्हणजे केसपेपरच्या रांगेत वेळ जात नाही. आपणहून टोचता येणारं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून आधी एकदा असं झालेलं असेल तर प्रवासाआधी वाटेवरची चोवीस तास चालू असणारी रुग्णालयं फोनमध्ये लिहून ठेवावीत. इंजेक्शननंतर तासाभरात बरं वाटतं, पण काहींना काही तासांनी तोच झटका परत येतो. त्यामुळे लगेच पुढच्या गावाची गाडी न धरता निदान चार ते सहा तास, आणि डॉक्टर म्हणाले तर रात्रभर, तिथेच थांबावं.